तुमच्या घराचा आकडा किती? : पूर येण्याआधीची तयारी (कोल्हापूर)

ओसरी

मंडळी, मिरग निघाला. दरवर्षी या दिवसांत आमच्या घरी एक काम ठरलेलं असतं. फ्रीजशेजारच्या भिंतीवरचा जुना कागद काढायचा आणि नवा लावायचा. कागदावर तीन आकडे आणि प्रत्येकापुढे कामं. एवढंच. पण या कागदानं आमचं किती वाचवलं ते सांगावं आणि तुमचंही विचारावं म्हणून हा धागा काढतेय.

पावसाळ्यात आपण सगळेच सकाळी उठून आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण ते आकडे नदीचे आहेत, माझ्या उंबऱ्याचे नाहीत. ४३ झालं की नदीकडच्या सुतारवाड्यातल्या माणसाला घर सोडावं लागतं आणि उंचावरच्या राजारामपुरीतल्या माणसाच्या दिवसात काहीच फरक पडत नाही. मधली आपण जी हजारो घरं आहोत, त्यांचा आकडा कुणी जाहीर करत नाही. तो आपला आपणच काढावा लागतो.

२०१९ ला आम्हाला तो माहीत नव्हता. शाहूपुरीच्या खालच्या अंगाला तळमजल्यावर राहतो. धोका पातळी ओलांडून दोन दिवस झाले होते, दारात पाणी नव्हतं, त्यामुळे आता काही येत नाही असंच आम्ही धरून चाललो. त्या रात्री सासूबाई उठल्या आणि पलंगावरून पाय खाली टाकला तो थेट पाण्यात. मी गेटकडे धावले तर गेट कोरडं! पाणी मोरीच्या जाळीतून आणि संडासातून उलटं वर येत होतं. रस्त्यावरून पाणी आत यायच्या आधी घर आतूनच भरायला लागलं होतं.

मग जी धावपळ झाली त्यात आम्ही नको त्या वस्तू वाचवल्या. टीव्ही वर नेला. मिक्सर नेला. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजच्या दारात राहिलं, आणि मुलीच्या दाखल्यांची फाईल कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. यजमानांनी घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून मेन स्विच पाडला. तो क्षण आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आम्हा पाच जणांना त्यांच्या दोन खोल्यांत सांभाळून घेतलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. घरात पाणी छातीपर्यंत चढलं. आणि एवढ्या पाण्यात प्यायला पाणी नाही, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. पावसाचं पाणी पातेल्यात धरून उकळून प्यायलो.

त्या वेळी नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. २०२१ ला म्हाताऱ्या पावसात ५६ च्याही वर गेली. म्हणजे आमच्या घरात पाणी आधीपेक्षा जास्त चढलं. तरी नुकसान किती? एक पलंग, दोन दारं आणि स्वयंपाकघरातली खालची फळकुटं. कारण या वेळी भिंतीवर कागद होता.

आकडा कसा काढायचा ते सांगते. २०१९ चं पाणी उतरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहिली होती. ती फरशीपासून मोजली, साडेचार फूट भरली. त्या पुराची सर्वात वरची पातळी साडेपंचावन्नच्या आसपास. वजा केलं की ५१. म्हणजे नदी ५१ ला आली की पाणी आमच्या फरशीला लागतं. पुढे २०२१ ला पाणी आत आलं तेव्हाची पातळी बघितली, थोड्याफार फरकानं तेवढीच. ज्यांच्याकडे अशी रेघ नाही त्यांनी शेजारच्या जुन्या घरात विचारावं. कुणाच्या पायरीवर, कुणाच्या विजेच्या खांबावर खूण असतेच.

पण खरी गोष्ट त्यानंतर कळली. घराचा आकडा वेगळा आणि रस्त्याचा आकडा वेगळा. आमच्या घरात पाणी ५१ ला येतं, पण गल्लीचं तोंड ४८ लाच बंद होतं. एकदा ते बंद झालं की घर कोरडं असूनही आपण अडकलो. तेव्हा निघायचं ते रस्त्याच्या आकड्यावरून ठरवायचं, आणि त्यातही दोन फूट हाताशी ठेवून. कारण २०२१ ला पाणी इतकं झरझर वाढलं की सकाळी बघितलेला आकडा संध्याकाळी कामाचा राहिला नव्हता.

आमचा कागद असा आहे.

३९ : कागदपत्रांची पिशवी आणि औषधांचा डबा दाराजवळच्या खुंटीला. पिंपं, कळश्या, बादल्या भरायच्या. पॉवर बँक आणि टॉर्च चार्ज. गाडीत पेट्रोल. थोडे रोख पैसे काढून ठेवायचे, कारण वीज गेली की एटीएमही गेलं.

४३ : सासूबाई नणंदेकडे. हे आधीच बोलून ठेवलेलं आहे, त्या दिवशी "येऊ का" म्हणून फोन करायचा नाही. गाडी चढावर. कपाटांचे खालचे दोन खण रिकामे करून माळ्यावर. गाद्या वरती. संडासाच्या भांड्यात आणि मोरीवर वाळूची प्लॅस्टिकची पिशवी दाबून बसवायची.

४६ : सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून वर. फ्रीज रिकामा. मेन स्विच बंद. कुलूप. निघायचं. "अजून थोडं बघू" हे वाक्य आमच्या घरात बंद केलंय.

तुमचा आकडा किती? आणि आमच्या कागदात काय राहिलंय, तेही सांगा.

रंकाळाकाठ

ओसरीताई, अगदी मनापासून लिहिलंय. आमच्याकडे पाणी कधीच येत नाही, त्यामुळे आपल्याला काय तयारी करायची, असं मलाही वाटायचं. २०१९ नं ते खोटं ठरवलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराचं बेट झालं. पेट्रोल मिळेना, दूध-भाजी मिळेना, टँकरपुढे रांगा. त्यात आमच्या चार माणसांच्या घरात तीन नातलगांची कुटुंबं आली. एकूण अकरा जण.

म्हणून उंचावर राहणाऱ्यांनी आपली माणसं मोजून तयारी करू नये, येणारी माणसं मोजावीत. नुसतं पिण्याचं पाणी माणशी रोज ३ लिटर धरलं तरी अकरा माणसांना पाच दिवसांना १६५ लिटर झालं. स्वयंपाक, संडास, धुणी वेगळी. आता मी जून लागला की दोन मोठी पिंपं घासून झाकण लावून ठेवतो आणि ३९ झालं की भरतो. काळम्मावाडीची थेट पाईपलाईन आली म्हणून लोक निर्धास्त झालेत. त्या योजनेनं मोठी सोय झाली यात शंका नाही, पण पाणी उपसायला वीज लागते आणि पुरात वीज जाते हे विसरून चालत नाही.

शिधा वेगळा आणून ठेवत नाही. जे रोज खातो तेच पंधरा दिवसांचं जास्त : तांदूळ, तूरडाळ, पोहे, शेंगदाणे, गूळ, चटणी. जुनं पुढे, नवं मागे. लहान पोरांसाठी दूध पावडर. पाहुण्यांत कुणाला पथ्य असतं तेही विचारून ठेवलंय.

तार_आणि_खांब

मी वायरमन आहे. ताई, तुमच्या यजमानांनी पाण्यात उभं राहून स्विच पाडला ते वाचून बोललंच पाहिजे. असं कुणी करू नका. पायाखाली पाणी आलं असेल तर मेनपर्यंत जायचंच नाही. बाहेर पडा आणि खांबावरून लाईन बंद करायला सांगा. महावितरणचा १९१२ फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा.

दुसरं. इन्व्हर्टर. मेन पाडला तरी इन्व्हर्टर घराला वीज देत राहतो, हे खूप जणांच्या लक्षात येत नाही. तो वेगळा बंद करून बॅटरीच्या तारा सोडाव्या लागतात. बॅटरी जमिनीवर असते, सगळ्यात आधी तीच बुडते.

पाणी उतरल्यावर माणसं बटण दाबून बघतात, "बघू लागतंय का". बोर्डाच्या आत गाळ असतो, पाइपात पाणी असतं. बोर्ड उघडून, धुऊन, वाळवून, तपासून मगच लाईन घ्या. फ्रीज, मोटर, वॉशिंग मशीन, सगळ्याला हेच. आणि बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलेलं असतं, स्टार्टर मारला की इंजिन कामातून जातं. ढकलत गॅरेजला न्या.

जमत असेल तर घराला आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाईन आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या. तळमजल्याचे बोर्ड कमरेवर घेता आले तर आणखी बरं.

शिरोळकडचा

आमच्याकडं गोष्ट जरा निराळी हाय. तुम्ही एक बंधारा बघता, आम्हाला चार ठिकाणची खबर ठेवावी लागती. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळती. कृष्णा फुगली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकतच न्हाई, फुगवटा मागं येतो. मग कोयनेतनं किती सोडलं, राधानगरीचे दरवाजे किती उघडले, खाली कर्नाटकात अलमट्टी धरणात काय चाललंय, सगळं बघायचं. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे हाईत, एकेकातनं १४२८ क्युसेक. धरण भरलं की ते आपोआप उघडत्यात, कुणाला विचारत न्हाईत. शहरात पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी आमच्याकडं पाणी चढतच असतं. उतरायलाबी तितकंच रेंगाळतं.

आणि आमची खरी काळजी म्हसरांची. माणूस माडीवर चढंल, म्हस न्हाई चढत. २०१९ ला शेजारच्या गोठ्यात दावी सोडायला कुणी गेलंच न्हाई. सकाळी जे बघितलं ते लिहवत न्हाई. तवापासनं आमच्या घरात नेम केलाय : माणसाच्या आधी जनावर हलवायचं, कारण जनावरांला वेळ लागतो. नदी पात्राबाहेर पडली की गाभण म्हस आणि वासरं पहिल्यांदा चढाच्या गावाला पाहुण्यांच्या गोठ्यात. वैरणीचा एक टेम्पो आधीच तिथं टाकून ठेवायचा, पाहुण्यावर भार नको. कानातला बिल्ला आणि म्हशीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवायचा, पंचनाम्याला लागतो. आणि समजा हलवता आलंच न्हाई, तर निघताना दावं सोडून निघा. मोकळं जनावर पोहून जीव वाचवतं, बांधलेलं न्हाई.

गूळमाती

२०१९ ला आमच्या तालमीची पोरं बोटीवर होती, मीही होतो. आधी बोटी पुरत नव्हत्या तर गुऱ्हाळाच्या काहिली घेऊन लोक पाण्यात उतरले होते. ते धाडस होतं, पण त्याची वेळ यायला नको.

"माडी आहे, आम्ही वर राहू" म्हणणाऱ्यांसाठी लिहितो. पाणी येतं तेव्हा माडी सुरक्षित वाटते. पण तिथे चार दिवस काढायचे असतात. वीज नाही, नळ नाही, संडास चालत नाही, मोबाईल बंद. दुपारी हात हलवून "आम्ही बरे आहोत, दुसऱ्यांना न्या" म्हणणारं एक घर होतं. रात्री दीड वाजता तिथल्या आजींच्या छातीत दुखायला लागलं. अंधारात, जोराच्या ओढीत, तारांखालून बोट न्यायची म्हणजे काय असतं ते आम्ही त्या रात्री बघितलं. आजी वाचल्या. पण दुपारी त्या आल्या असत्या तर दहा मिनिटांचं काम होतं.

म्हणून घरात म्हातारं माणूस, पोटुशी बाई, तान्हं मूल किंवा कायमचं औषध चालू असलेलं कुणी असेल तर माडीचा विचार करू नका. बाकीचे राहणार असाल तर शिट्टी जवळ ठेवा, गॅलरीला उठून दिसेल असं कापड बांधा, आणि आत किती माणसं आहेत ते नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवून ठेवा. तातडीला ११२ आहेच.

बोटीत बसताना सांगितलं तेवढीच माणसं बसा. २०१९ ला सांगलीकडे ब्रह्मनाळला जादा माणसं बसलेली बोट उलटली ते आपण विसरलेलो नाही. आणि वाहत्या पाण्यात चालत जाऊ नका. घोट्याच्या जरा वर पाणी असलं तरी ओढ असेल तर माणूस पडतो, फूटभर वाहत्या पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते. उघडं चेंबर तर दिसतच नाही.

कळशी

नर्स आहे, पुराच्या वेळी छावणीत ड्यूटी केली आहे. माणसं कपडे घेऊन येतात, दागिने घेऊन येतात आणि गोळ्यांचं नाव विसरून येतात. "पांढरी, छोटी, सकाळची" यावरून बीपीची गोळी देता येत नाही. कृपा करून चिठ्ठीचा फोटो काढून घरातल्या दोन तरी फोनमध्ये ठेवा आणि त्याची झेरॉक्स त्या खुंटीवरच्या पिशवीत. निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या हाताशी असाव्यात. चष्मा, ऐकण्याचं मशीन, सॅनिटरी पॅड, बाळाचे लंगोट यांना त्या पिशवीत जागा ठेवा.

इन्सुलिनबद्दल : वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालतं, आपल्या पावसाळी हवेत अडचण येत नाही. तुमच्या प्रकाराचं नेमकं किती ते डॉक्टरांना विचारून बाटलीवर तारीख घाला. न उघडलेल्या बाटल्या नीट बंद करून माठाजवळच्या गारव्यात ठेवा. बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

डायलिसिसवाल्यांनी तर पाऊस लागायच्या आधीच केंद्रात बोलायला हवं. रस्ता बंद झाला तर नदीच्या आपल्या बाजूचं दुसरं केंद्र कुठलं, आणि पाणी चढायला लागलं तर एक दिवस आधी घेतील का. ही गोष्ट आयत्या वेळी जमत नाही.

पाणी उतरल्यावर खरे आजार सुरू होतात. पाणी खळखळून उकळा, किंवा मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) मिळेल ते बाटलीवर लिहिल्याप्रमाणे वापरा. जुलाब लागले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चिखलात गमबूट घातल्याशिवाय उतरू नका, पायाला जखम असेल तर नाहीच. ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) शंका धरून लगेच दवाखाना गाठा आणि पुराच्या पाण्यात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

साप घरात येतात, कपाटाच्या मागे, गादीच्या घडीत. काठीनं हलवूनच वस्तू उचला. चावला तर आवळून बांधणं नाही, कापणं नाही, मांत्रिक नाही. तो अवयव हलू न देता सरळ सीपीआर (आपलं कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं सरकारी रुग्णालय.

निळीरेषा

घर घेणाऱ्यांसाठी एक भर. जलसंपदा विभागानं नदीच्या पूररेषा आखलेल्या आहेत. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. फ्लॅट बघायला गेलात की आधी हा नकाशा बघा, मग मॉड्युलर किचन. "शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ आता शंभर वर्षं सुट्टी, असा नसतो. २०१९ आणि २०२१ मध्ये दोनच वर्षं गेली.

विमा. 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, त्यात पूर येतो. पाणी दारात आल्यावर काढलेला विमा उपयोगाचा नाही. माझा स्वतःचा दावा अडला तो एका साध्या कारणानं : आम्ही आधी घर धुतलं आणि मग फोटो काढले. उलटं करा. आधी गाळाच्या रेघेसकट प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, वस्तूंवरचे मॉडेल नंबर, मग झाडू. आणि आजच, सगळं कोरडं असताना, घराचा एक व्हिडिओ काढून बाहेरगावच्या नातलगाला पाठवा. आधार, सातबारा, प्रॉपर्टी कार्ड डिजिलॉकरवर किंवा ईमेलवर ठेवा.

जुना_वाडा

वय ७१. पुराचं सगळे लिहीत आहेत ते योग्यच. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होतो. आईनं आम्हाला ओढून अंगणात आणलं, सगळी गल्ली काकडत बाहेर उभी होती. भूकंपाला ३९ आणि ४३ नसतात. म्हणून अंथरुणाच्या डोक्याशी जड कपाट नको, असलंच तर भिंतीला पट्टीनं जखडा. चप्पल आणि टॉर्च रात्री पलंगाखाली ठेवावी, अंधारात काचेवर पाय पडतो. एवढं दोन मिनिटांत होतं.

नवा_भाडेकरू

नमस्कार. मार्चमध्ये कोल्हापुरात बदली होऊन आलो. नागाळा पार्कात तळमजला भाड्यानं घेतला आहे, सोबत आई आहे, तिला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. मालक म्हणतात "इथे विशेष येत नाही". भिंतींना नवा रंग आहे, रेघ कुठे दिसत नाही. आकडा कसा काढू?

ओसरी

दादा, रंग भिंतीला दिलाय, कंपाउंडच्या आतल्या बाजूला, मीटरच्या पेटीमागे, पाण्याच्या टाकीच्या खालच्या अंगाला कुणी देत नाही. तिथे बघा. मालकांना "येतं का" असं विचारू नका, "२०२१ ला कितव्या पायरीपर्यंत होतं" असं विचारा. सकाळी दूध टाकणाऱ्या मामांना विचारा, त्यांना कुठली गल्ली आधी बंद होते ते तोंडपाठ असतं. आणि आई आहेत तर तुमचा आकडा घराचा नाही, रस्त्याचाही नाही. त्यांना रिक्षा दारापर्यंत येते तोवर निघायचं, हा तुमचा आकडा.

बाकी सगळ्यांचे आभार. आमच्या कागदात आज दोन ओळी वाढवल्या : ३९ ला गोळ्यांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, ४६ ला इन्व्हर्टर. आणि तार_आणि_खांब दादा, तुमचा प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवला.

नवा_भाडेकरू

ताई, मीटरच्या पेटीमागे रेघ सापडली. फरशीपासून जवळजवळ पाच फूट. दूधवाले मामा म्हणाले, चौकाकडचा रस्ता त्याच्या कितीतरी आधी जातो, रिक्षावाले तर त्याहून आधी नाही म्हणतात. आमच्या कागदावर एकच आकडा लिहिलाय, ४१, आणि पुढे 'आई – मावशीकडे, राजारामपुरी'. मावशीला फोन केला. ती म्हणाली, खालची खोली आजच रिकामी करते.